झाकण तेवढं अण्णांचं राहिलं

अण्णा गेल्यावर त्यांचं फेवर लुबा सी किंग हे जुनं स्विस मनगटी घड्याळ माझ्याकडे आलं. मी ते फक्त शनिवार-रविवारी घालायचे. शुक्रवारी रात्री जेवणं झाली की पूर्ण किल्ली द्यायची, मग रविवारी रात्रीच्या जेवणापर्यंत ते बिनतक्रार चालायचं. मला वाटायचं, किल्लीची सगळीच जुनी घड्याळं अशी चालत असतील. तसं नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

घड्याळ मी जिवापाड जपत होते. भांडी घासताना, हात धुताना काढून ठेवायचे. भर पावसाळ्यात घालायचेच नाही. स्पीकरवर किंवा चुंबकाच्या कव्हरजवळ कधी ठेवलं नाही, कारण हेअरस्प्रिंगला, म्हणजे घड्याळाची गती सांभाळणाऱ्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगला, चुंबक लागलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळत सुटतं. किल्ली देताना हाताला अडलं की तिथेच थांबायचं, ही अण्णांचीच शिकवण. पण हे सगळं जपणं बाहेरून होतं. मागचं झाकण उघडून आत काय आहे ते मी एकदाही पाहिलं नव्हतं.

मग ते दिवसाला दहा-बारा मिनिटं मागे पडायला लागलं. म्हणजे आतलं तेल सुकलेलं, सर्व्हिसिंग हवं. पुण्यात गर्दीच्या पेठेतल्या एका दुकानात दिलं. "ताई, निर्धास्त राहा, क्लीनिंग-ऑइलिंग करून देतो." पावतीवर लिहिलं होतं : फेवर लुबा, जुने, १ नग. बारा दिवसांनी २,८०० रुपये देऊन घड्याळ घेतलं, तर डायल चकचकीत! जुनी डायल पिवळट पडली होती, चारच्या खुणेपाशी तपकिरी डाग होता. "डायल रंगवून दिली, त्याचे पैसे नाही लावले," तो म्हणाला. मी त्याचे आभार मानले. ते आठवलं की आजही पोटात तुटतं.

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी घड्याळ बंद पडलेलं दिसलं. पुढच्या रविवारीही तेच. दुकानात फोन केला. "जुनं घड्याळ आहे ताई, स्प्रिंग थकली असणार." मी ते खरं मानलं आणि आठ महिने तशीच घालत राहिले.

दिवाळीत साताऱ्याला गेले तेव्हा अण्णांच्या नेहमीच्या घड्याळजींकडे ते नेलं. वय झालंय, दुकान आता मुलगा बघतो, पण भिंग डोळ्याला लावून ते अजून बसतात. त्यांनी झाकण उघडलं आणि आधी झाकणाचीच आतली बाजू मला दाखवली. सुईने कोरलेले बारीक आकडे होते, ७८, ८४, ९१. प्रत्येक सर्व्हिसिंगला त्यांनीच कोरलेले. मला बरं वाटलं, म्हटलं घड्याळ आपलंच आहे. ते मात्र बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाहेरची केस आणि झाकण अण्णांचं आहे गं. मशीन नाही."

अण्णांच्या घड्याळात दोन बॅरलचं, म्हणजे स्प्रिंगच्या दोन डब्यांचं मशीन होतं. फेवर लुबाने १९६२मध्ये काढलेलं, हाताने किल्ली द्यायचं, पातळ. स्प्रिंग दोन डब्यांत विभागलेली, म्हणून ते दोन दिवसांहून जास्त चालायचं. माझ्या हातातल्या घड्याळात एकाच बॅरलचं, कुठलं तरी स्वस्त मशीन होतं. ते केसमध्ये नीट बसत नव्हतं म्हणून कडेने पितळेची पट्टी वाकवून कोंबलेली. डायलच्या मागचे दोन्ही पाय कापून ती गोंदाने चिकटवलेली, कारण नव्या मशीनची भोकं जुळत नव्हती. आणि डायल रंगवायचं कारण मला तिथे समजलं. सगळंच नवं दिसलं की बदललेलं काय ते शोधायला कोण जातं? भिंगातून पाहिलं तर सहाच्या खालची 'स्विस मेड' ही अक्षरं जाड होती आणि मिनिटांच्या रेघांना चिकटलेली.

ही मशीनं आता बनत नाहीत. सुटे भाग शोधणारे त्यांना चांगली किंमत देतात.

मी त्या दुकानात परत गेले. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही दिलंत तेव्हा हेच होतं." माझ्याकडे आधीचा एकही फोटो नव्हता आणि पावतीवर 'जुने, १ नग' एवढंच. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. पण आत आधी काय होतं हे सिद्ध कसं करायचं, यावर माझ्यापाशी उत्तर नाही.

म्हणून सांगते, घरातलं जुनं घड्याळ दुरुस्तीला देण्याआधी झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा. मशीनचा आणि डायलचा जवळून फोटो काढा. बहुतेक स्विस मशीनवर बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे सतत मागे-पुढे फिरणाऱ्या चाकाच्या आसपास बारीक अक्षरांत नंबर असतो, तो पावतीवर लिहून घ्या. बदललेले भाग परत मागा. डायल रंगवू देऊ नका, डाग असला तरी. आणि पूर्ण किल्लीवर घड्याळ किती तास चालतं ते देण्याआधी मोजून ठेवा, माझ्या बाबतीत चोरीचा पहिला पुरावा तोच होता. एचएमटीवाल्यांनीही ऐकावं. २०१६मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय झाला. आता नव्याने रंगवलेल्या डायलच्या, इकडचं-तिकडचं जोडलेल्या एचएमटी 'जनता' मॉडेलच्या घड्याळी सर्रास 'ओरिजिनल' म्हणून विकल्या जातात.

साताऱ्याच्या काकांनी आहे ते मशीन साफ करून दिलं, पैसे घेतले नाहीत. झाकण लावण्याआधी त्यांनी विचारलं, "यंदाचं साल कोरू का?" मी म्हटलं, कोरा, आणि शेजारी या मशीनचा नंबरही कोरा. त्यांनी सुई उचलली.