ऑल्टो-आठशेचं इंजिन: दुसरं बसवायचं की आहे तेच बोअर करायचं?

गाडी पंधरा वर्षांची झाली, हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाते, पिकअप गेलाय आणि मागून निळा धूर मारते. बॉडी मात्र धड आहे, खालचा पत्रा सडलेला नाही. अशा गाडीला गॅरेजवाला दोन वाटा सांगतो. जुनं पण चालू इंजिन आणून बसवायचं, नाहीतर आहे तेच उतरवून बोअर करायचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर किंचित मोठे कोरून त्या मापाचे नवे पिस्टन घालायचे. माझ्या गाडीला मी दुसरी वाट धरली. तुमची अडचण वेगळी असू शकते, म्हणून दोन्हींचं खरं काय ते मांडतो.

त्याआधी इंजिन खरंच गेलंय का, हे बघा. गगनबावड्याहून करूळ घाट गिअरमध्ये उतरला आणि खाली सपाटीला पाय दाबल्यावर निळ्या धुराचा लोट आला, तर संशय व्हॉल्व्ह सील आणि गाइडवर घ्यायचा. सकाळी पहिल्या स्टार्टला धूर येऊन मिनिटभरात थांबत असेल तरी तेच. हे हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं काम आहे, त्यासाठी ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेलं खालचं धड, उतरवायची गरज नाही. धूर चढाला, सपाटीला, सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. खात्रीसाठी कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून सिलिंडरमधला दाब मोजा. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि स्टार्टरवर पाच-सहा फेरे. दोन सिलिंडरच्या दाबात चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. काटा वर गेला तर रिंगा आणि बोअर, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह. ही अर्ध्या तासाची तपासणी न करता इंजिन उतरवू देऊ नका.

आता दुसरं इंजिन बसवण्याबद्दल. मोठा फायदा वेळेचा. इंजिन हाताशी असेल तर दोन दिवसांत गाडी रस्त्यावर येते. बोअरच्या कामाला दहा-बारा दिवस धरायचेच. पण 'आठशेचं इंजिन' म्हणून जे मिळतं ते सगळं सारखं नसतं. 796 सीसी आणि तीन सिलिंडर एवढ्यावर जाऊ नका. ऑल्टोचं एफ8डी बारा व्हॉल्व्हचं, जुन्या मारुती 800 चं एफ8बी सहा व्हॉल्व्हचं. ऑम्नीचं इंजिन सीटखाली गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं आणि मागची चाकं फिरवतं, त्यामुळे त्याचे माउंटिंग आणि सम्प (तळाची ऑइलची टाकी) वेगळे. कार्बोरेटरचं इंजिन एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या गाडीत घालायचं म्हटलं तर सेन्सर आणि वायरिंगचा घोळ वेगळाच.

घेताना सम्प उघडून बघायचा हट्ट धरा. तळाला चकाकणारे कण दिसले तर बेअरिंग गेलेलं आहे. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय. चांगलं निघालं तरी टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि क्लच प्लेट नवीनच घालावी लागते, कारण नंतर सील गळलं की पुन्हा गिअरबॉक्स उतरवायला लागतो. हे सगळं जोडलं की स्वस्त वाटलेल्या इंजिनाचं बिल बोअरच्या बिलाच्या फार खाली राहत नाही.

तरीही माझा निर्णय झाला तो इंजिन नंबरवरून. नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो, म्हणजे ब्लॉक बदलला की आरसी आणि गाडी जुळत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्यायची असते, इंजिन त्याच बनावटीचं आणि त्याच इंधनाचं असलं तरी. परवानगीशिवाय बदललंच असेल तर 14 दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. त्यासाठी इंजिन कुठून आलं याचा पक्का कागद हवा. जुन्या बाजारात मिळते ती हाताने लिहिलेली चिठ्ठी. मूळ गाडी कोणाची, तिची नोंदणी रद्द झाली का, हे विकणाऱ्यालाही बऱ्याचदा सांगता येत नाही. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची आणि पुढे दर 5 वर्षांनी रिपासिंग, म्हणजे हा प्रश्न एकदाच मिटत नाही. गाडी विकताना आणि विम्याच्या क्लेमला सर्व्हेअर आल्यावर तोच नंबर पुन्हा बघितला जातो. नवा नंबर घासून जुना ठोकून देतो म्हणणारे भेटतात. तो सरळ गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊच नका.

बोअरमध्ये ब्लॉक तोच राहतो, नंबर तोच राहतो. काम सुरू करायच्या आधी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि ठसा जपून ठेवा. ब्लॉक रंगवायचा असेल तर ती पट्टी झाकायला सांगा.

शिवाय हे काम करायला कोल्हापूरसारखी जागा नाही. शिरोली, गोकुळ शिरगावला गाड्यांची कास्टिंग ओतली जातात, आणि उद्यमनगरात बोअर, होनिंग (सिलिंडर आतून बारीक घासणं), क्रँक ग्राइंडिंग, लायनर (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) ठोकणं सगळं हाकेच्या अंतरावर होतं. हेड काढल्यावर सिलिंडरच्या वरच्या कडेखाली नख फिरवा. नख अडकेल अशी पायरी लागली तर नुसत्या रिंगा घालून भागणार नाही. अशा वेळी 0.25 किंवा 0.50 मिमी ओव्हरसाइज पिस्टन आधी विकत घ्या आणि ब्लॉकबरोबर द्या. बोअर पिस्टन मोजून मारायचा असतो, पुस्तकातला आकडा बघून नव्हे. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट दोन ते चार शतांश मिलिमीटर, आणि तीही होनिंगने गाठायची. होनिंगच्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा दिसल्या पाहिजेत, त्यांतच ऑइल धरून राहतं. हेडचा फेस पट्टी लावून बघा, 0.05 मिमीचा फीलर (मापाची पातळ पत्ती) खालून गेला तर फेसिंग करा. क्रँकवर ओरखडे असतील तर ग्राइंड करून 0.25 अंडरसाइज बेअरिंग घाला. ऑइल पंप तपासायचा बरेच जण विसरतात आणि मग नव्या बेअरिंगवरही आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकतो.

बोअर केलेलं इंजिन पुन्हा धूर मारतं ते बहुतेक वेळा धुण्यामुळे. होनिंगची बारीक भुकटी रॉकेल-पेट्रोलने निघत नाही, ती रेघांमध्ये बसून राहते आणि नव्या रिंगा खाते. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन ब्लॉक घासायचा, वाळवायचा आणि लगेच ऑइल लावायचं, नाहीतर तासाभरात गंज धरतो. मग पांढरं फडकं ऑइलमध्ये भिजवून सिलिंडरमध्ये फिरवा. फडकं करडं निघालं तर पुन्हा धुवा. हे स्वतः उभं राहून करून घ्या.

रॉड तुटून ब्लॉक फुटला असेल किंवा वॉटर जॅकेटला तडा असेल तर मात्र बोअरचा प्रश्नच उरत नाही. कागदपत्रासकट इंजिन शोधा आणि आधी परवानगी घ्या. बोअर 0.50 च्या पुढे गेला असेल तर लायनर ठोकून पुन्हा स्टँडर्डवर आणता येतो. तेवढ्यासाठी ब्लॉक टाकू नका.

पहिल्या स्टार्टआधी प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारा. पहिले हजार किलोमीटर साधं मिनरल ऑइल. पुणे हायवेला एकाच वेगात तासन्‌तास ओढू नका, घाट आणि पूर्ण लोडही टाळा. 500 किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, आणि काढलेलं ऑइल उथळ ताटलीत ओतून उन्हात धरा. बारीक करडी छटा चालते. चमकणारे तुकडे दिसले तर गाडी तिथेच उभी करून सम्प उघडा.