रिंचा बेटावरचा रेंजर ट्रेक (कोमोडो नॅशनल पार्क, इंडोनेशिया)

लाबुआन बाजोहून बोटीने रिंचाला गेलो, एकदम भारी अनुभव! रेंजरशिवाय फिरू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, कारण इथला कोमोडो ड्रॅगन आपल्या घोरपडीचाच भाऊबंद असला तरी ३ मीटरपर्यंत वाढतो आणि म्हैससुद्धा पाडतो. आमच्या रेंजरकडे फक्त बेचक्याची लांब काठी, पण माणूस तयारीचा. सावलीत एक ड्रॅगन पसरलेला, लाळ लोंबतेय, दुभंगलेली पिवळी जीभ सारखी आत-बाहेर, म्हणजे वास घेणं चालू. परतताना बोटीवरनं पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दिसला, आपल्या कोकणात असतो तोच, सरळ खाली आला, पायात मासा धरला आणि गेला पण. गरुडाचं सगळं नजरेवर आणि नख्यांवर, ड्रॅगनचं जिभेवर, करवतीसारख्या दातांवर आणि विषावर, त्या विषाने रक्त गोठत नाही आणि बीपी पडतं. देखणा गरुडच, पण शिकारी म्हणून मी ड्रॅगनलाच वर ठेवीन. आणि लहानपणी हेच ड्रॅगन मोठ्यांच्या भीतीने झाडावर राहतात, हे रेंजरने मस्त समजावलं. सकाळी लवकरच जा, नंतर ऊन फार आणि ड्रॅगन हलत नाहीत.