पडदा मोठा म्हणून पेद्री दिसतो: एसटी स्टँडमागची सामन्याची टपरी

बार्सिलोना या स्पॅनिश फुटबॉल संघाचा सामना मोबाइलवर पाहणाऱ्याला उजव्या कडेनं धावणारा यमाल दिसतो, मधल्या फळीतला पेद्री दिसत नाही. संघातला सगळ्यात गुणी खेळाडू कोण, यावर आपल्याकडे जी तोंडं वाजतात त्यातली निम्मी त्या सहा इंची काचेमुळे वाजतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागं, टिनाच्या शेडमधली चहाटपरी सामन्याच्या रात्री भिंतीवर प्रोजेक्टर लावते. पाटी नाही. ‘पडद्यावाली टपरी’ म्हटलं की कोणीही रस्ता दाखवतं. माणशी वीस रुपये, त्यात एक चहा.

आधी पडदा. आठ फूट रुंद, साडेचार फूट उंच. भिंतीला ऑइल पेंट न देता साधा पांढरा डिस्टेंपर दिलाय, हे फार चांगलं केलं. ऑइल पेंटवर उजेड चमकतो आणि मैदानाच्या मधोमध पांढरा डाग पडतो. प्रोजेक्टर खरोखरचा १०८० चा आहे, म्हणजे चित्रात ठिपक्यांच्या १०८० ओळी. बाजारात स्वस्तातले बरेच प्रोजेक्टर ‘१०८० चालतं’ असं सांगून विकतात. चालतं म्हणजे तेवढं चित्र आत घेतात, भिंतीवर टाकतात ७२० किंवा त्याहून कमीच. अशा चित्रात लांब पासवर चेंडू विरघळून जातो आणि पोरं आवाजावरून गोल ओळखतात. इथं चेंडू शेवटपर्यंत दिसतो. बसायचं तर तिसऱ्या ओळीत मधोमध, भिंतीपासून बारा-तेरा फुटांवर. पहिल्या ओळीत बसलं की मान सारखी डावी-उजवी करावी लागते.

दोष एकच, पण रोज त्रास देणारा. प्रोजेक्टर ज्या लोखंडी पाइपाला टांगलाय त्यालाच पंखा आहे. पंखा तीनच्या पुढं गेला की सगळं मैदान थरथरतं आणि खेळाडूंचे नंबर वाचता येत नाहीत. प्रोजेक्टर मागच्या भिंतीत वेगळ्या ब्रॅकेटवर बसवला तर हे मिटेल. तोवर पंखा दोनवर.

या पडद्यावर सामना कसा दिसतो ते महत्त्वाचं. चेंडू बचावपटूकडे असतो तेव्हा मोबाइलवर आपण चेंडूच पाहतो. इथं चेंडू सोडून तीस मीटर पुढं उभ्या असलेल्या पेद्रीवर नजर ठेवता येते. पास निघण्याआधी तो एकदा उजव्या खांद्यावरून मागं पाहतो, चेंडू वाटेत असताना पुन्हा डावीकडून. चेंडू पायाशी येतो तेव्हा अंग अर्धं वळलेलं असतं, म्हणून पहिल्याच स्पर्शात तो समोरच्याला पाठीमागं टाकतो. यात ना ड्रिबल, ना टाळ्या. तिसऱ्या ओळीतले जुने प्रेक्षक मात्र त्या वळण्यालाच ‘वा’ म्हणतात.

दुसरी गोष्ट, बचावाची रेघ. प्रशिक्षक हान्सी फ्लिक २०२४ मध्ये आल्यापासून चारही बचावपटू मध्यरेषेजवळ येऊन उभे राहतात. २६ ऑक्टोबर २०२४ ला बर्नाबेउवर, म्हणजे रेआल माद्रिदच्याच मैदानावर, माद्रिदला ४-० हरवलं, त्या सामन्यात माद्रिदचे खेळाडू १२ वेळा ऑफसाइड सापडले, म्हणजे पास निघताना बचावाच्या रेघेपुढं उभे होते, त्यातला एकटा एम्बापे ८ वेळा. मोबाइलवर हा माद्रिदचा गाढवपणा वाटतो. मोठ्या पडद्यावर पास निघायच्या क्षणी चौघं एकदम एक पाऊल वर सरकताना दिसतात, कापसाच्या तासात वेचणारे एका ओळीनं पुढं सरकावे तसे. एक जरी मागं राहिला तर सगळं फसतं.

वाद इथूनच पेटतो. यमालवाले दंडाला धरून सांगतात, “अबे सतरा वर्षाचं पोरगं होतं ते, इंटरनं दोन गोल चढवले तवा कोन उभं रायलं?” बरोबर आहे. ३० एप्रिल २०२५ ला चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत इटलीच्या इंटर मिलानविरुद्ध २-० ने मागं असताना उजवीकडून आत येत यमालनं जो गोल मारला, त्याला तोड नाही. बार्सासाठी तो त्याचा शंभरावा सामना होता. सामना ३-३ सुटला, परतीच्या लढतीत जादा वेळेत बार्सा ४-३ ने हरली. संघातला तिसरा मोठा खेळाडू राफिन्या, त्याचे वकील वेगळे. २०२४-२५ मध्ये सगळ्या स्पर्धांत ३४ गोल, त्यातले १३ चॅम्पियन्स लीगमध्ये. एवढ्या आकड्यापुढं कोणाला काही बोलता येत नाही.

तरी पेद्रीची बाजूच खरी, आणि पुरावा २०२५ च्या दिवाळीनंतरचा आहे. २६ ऑक्टोबरला माद्रिदकडून २-१ ने हार, शेवटी पेद्रीला लाल कार्ड, वर मांडीचा स्नायू दुखावलेला. दहा दिवसांनी, पेद्रीशिवाय, बेल्जियमच्या ब्रुजमध्ये ३-३. त्या सामन्यात यमालनं अप्रतिम गोल केला, तरी संघाला तीनदा पिछाडी भरून काढावी लागली. कारण पडद्यावर स्पष्ट दिसत होतं. उंच रेघ तेव्हाच चालते जेव्हा चेंडू असलेल्या माणसाला मान वर करून पाहायला सवड मिळत नाही. पेद्री नसला की ती सवड मिळते, आणि मागची चाळीस मीटर मोकळी जागा समोरच्याच्या मालकीची होते. बचावपटू इनिगो मार्तिनेझ उन्हाळ्यात सौदीच्या अल नस्रला गेल्यावर रेघ वर ओढणारा आवाजही गेला होता. त्याआधी ऑक्टोबरच्या सुरुवातीला सेव्हिल्यात ४-१ नं मार खाल्ला तो याच रोगानं, तेव्हा तर पेद्री होता. म्हणजे दोष त्याच्या नसण्याचाच नाही, पण पेद्री नसला की तो दोष झाकला जात नाही.

आता लाइनचं. लाइन जाणं धरूनच चालायचं. इथं १५० एएचची एक बॅटरी आणि इन्व्हर्टर आहे. प्रोजेक्टर, राउटर, एक पंखा, दोन बल्ब मिळून अडीचशे वॅटच्या आसपास लोड. बॅटरी पूर्ण भरलेली असली तर जादा वेळ धरूनही सामना निघतो. इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’ वर असलं पाहिजे. ‘नॉर्मल’ वर असलं की लाइन जाताना जी अर्ध्या क्षणाची उसंत पडते, तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. गोल नेमका त्यातच होतो. बॅटरीचं पाणी महिन्याला पाहावं लागतं. ते इथं पाहतात, झाकणावर तारीख लिहिलेली असते.

नेट फायबरचं. ते तुटलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट. १०८० वर दोन तासांत चार ते सहा जीबी जातो, म्हणून रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर हे जमत नाही. अशा वेळी ते चित्र ४८० वर आणतात, मग पेद्री पुन्हा दिसेनासा होतो. ॲपवरचं चित्र प्रत्यक्षाच्या अर्धा मिनिट मागं असतं, त्यामुळं दारातच फोनच्या गोल-सूचना बंद करायला लावतात. हा नियम उत्तम. स्पीकरला वायर जोडतात, ब्लूटूथ नाही, म्हणून लाथ आणि आवाज एकत्र येतो.

तर्री पोहे तीस रुपये. तर्री झणझणीत, वरून चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरपूर. पण मध्यंतरानंतर पोहे कोरडे पडतात, तेव्हा आधीच खाऊन घ्या. आलूबोंडा गरम असेल तरच. आत खर्रा (सुपारी-तंबाखू) चालत नाही, थुंकायचं तर रस्त्याच्या पलीकडं. पावसाळ्यात टिनावर धो-धो सुरू झालं की समालोचन विसरा.

वेळ लक्षात ठेवा. स्पेनमधला रात्री नऊचा सामना आपल्याकडं साडेबाराला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागं जातात, मग तोच सामना दीडला, मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत. नेमक्या त्याच दिवसांत हरभऱ्या-गव्हाचं ओलीत आणि डुकरांसाठी जागल असते. त्यामुळं मागच्या बाकावर टॉर्च आणि काठी घेतलेली माणसं मध्यंतरापर्यंत बसतात, मोटर पाहून येतात आणि साठाव्या मिनिटाला परततात. त्यांची जागा कोणी घेत नाही. शेडला समोरची बाजू उघडी आहे, डिसेंबरात दीडनंतर गारठा हाडात शिरतो. चादर सोबत न्या. शनिवारी तिसरी ओळ हवी असेल तर बाराच्या आत पोचा.