केळीच्या वखारीत नऊ महिने रुआमेल.यामल: वापरानंतरचा अनुभव

मी सावद्याजवळ राहतो आणि रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी पिकवण केंद्रांना कंट्रोलर बसवून देतो. सध्या सहा केंद्रं आहेत, मिळून ३४ चेंबर. प्रत्येक ठिकाणी तळहाताएवढा संगणक, त्यावर पायथनमधला प्रोग्राम, आणि सगळ्या सेटिंगची एक यामल फाइल (यामल म्हणजे माणसालाही वाचता येईल अशा साध्या मजकुरात सेटिंग लिहायची पद्धत). ती फाइल दोघं बदलतात. मालक मोबाइलवरून तापमान बदलतो, तेव्हा माझा प्रोग्राम फाइलमध्ये लिहितो. आणि ऑपरेटर नाना लॅपटॉपवर फाइल उघडून हातानं लिहितात. नऊ महिन्यांपूर्वी मी पाययामल सोडून रुआमेल.यामलवर आलो. या दोन्ही पायथनमधून यामल वाचायच्या-लिहायच्या लायब्ररी, म्हणजे तयार कोड. दोन्ही फुकट आहेत, रुआमेल मुळात पाययामलमधूनच निघालेली. तरी फरक बराच आहे.

बदल करायची वेळ का आली ते आधी सांगतो.

चेंबरमध्ये तापमान १६ ते १८ अंश, आर्द्रता ९० ते ९५ टक्के, इथिलीन (फळ पिकवणारा वायू) साधारण १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १००) २४ तास, आणि मग हवा बदलायची. बाहेर मे महिन्यात ४५ अंश असतात. आकडा चुकून १३ च्या खाली गेला की साल काळपट पडते, मग व्यापारी भाव पाडतो. नानांच्या बोलीत ‘केयी कायी पडते’. म्हणून नानांनी गेल्या दोन वर्षांत फाइलमध्ये जागोजागी हॅश (#, त्यापुढचं प्रोग्राम सोडून देतो) टाकून मराठीत टिपा लिहून ठेवल्या होत्या. ‘३ नंबरचा सेन्सर अर्धा अंश जास्त दाखवतो.’ ‘७ मध्ये खालचे क्रेट उशिरा पिकतात, पंखा अजून एक तास.’ ही माहिती कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.

मी मोबाइलची सोय दिली त्या पहिल्याच दिवशी मालकानं एका चेंबरचं तापमान १७ वरून १७.५ केलं. पाययामलनं फाइल वाचली, आकडा बदलला, परत लिहिली. संध्याकाळी नानांचा फोन: “काय भो, माझ्या नोटी कुठी गेल्या?”

सगळ्या गेल्या होत्या. पाययामल वाचतानाच टिपा टाकून देते, त्यामुळे लिहिताना तिच्याकडे लिहायला काही उरत नाही. शिवाय न सांगता किल्ल्या (सेटिंगची नावं) अक्षरांच्या क्रमानं लावून ठेवते. आणि सगळ्यात राग आला तो देवनागरीचा. ‘मागचं चेंबर’ असं नाव होतं, तिथं उलट्या रेघा, यू आणि आकड्यांची माळ. क्रम आणि लिपी या दोन्हींना सेटिंग आहे, ते नंतर कळलं. टिपांना मात्र काही इलाज नाही. बॅकअप तीन महिन्यांपूर्वीचा होता. उरलेलं नानांनी डोक्यातून परत लिहिलं, मी समोर बसून चहा पाजला.

रुआमेलमध्ये हे होत नाही. फाइल वाचा, एक आकडा बदला, परत लिहा, आणि आधीची-नंतरची फाइल शेजारी ठेवून बघा: बदललेली एकच ओळ दिसली पाहिजे. देवनागरी जशीच्या तशी, क्रम जसाच्या तसा, टिपा जागेवर. एवढ्यासाठी माझ्याकडून पूर्ण गुण.

दुसरा फायदा मी शोधायला गेलो नव्हतो, तो सापडला. हवा बदलायच्या दोन वेळा फाइलमध्ये होत्या, ०६:३० आणि २२:३० (फाइलमध्ये अर्थात इंग्रजी अंकांत). सकाळी व्हेंट (हवेची झडप) उघडायचा, रात्री नाही. पंधरा दिवस मी रिले बदलत बसलो, वायरिंग तपासलं, वायरमनशी भांडलो. शेवटी प्रोग्रामनं काय वाचलं ते छापून पाहिलं: सकाळची वेळ ‘०६:३०’ अशी मजकूर म्हणून आली होती आणि रात्रीची १३५० हा आकडा म्हणून! यामल १.१ च्या नियमांत कोलनवाले आकडे ६० च्या पायात मोजतात. २२ गुणिले ६० अधिक ३०, झाले १३५०. सकाळची वेळ वाचली कारण तिच्या सुरुवातीला शून्य आहे, ती त्या नियमात बसत नाही. पाययामल अजून १.१ वर आहे. कोलनवर तोडायला गेलेला माझा कोड आकडा बघून चुकत होता आणि ती चूक मीच लिहिलेला ‘ट्राय-एक्सेप्ट’ (चूक झाली तरी प्रोग्राम पुढं नेणारा कोड) मुकाट गिळत होता. रात्री चेंबरमध्ये कार्बन डायऑक्साइड साचायचा आणि एकाच लॉटमध्ये काही फण्या पिवळ्या, काही हिरवट. वायरमनची माफी मागितली.

रुआमेल मूळचीच १.२ चे नियम धरते. १.२ आलं २००९ मध्ये. त्यात २२:३० हे २२:३० च राहतं, आणि ‘नो’ किंवा ‘ऑफ’ लिहिलं तर त्याचं गुपचूप ‘असत्य’ होत नाही. तरी मी वेळेला अवतरणचिन्हं घालतोच. दुधानं पोळलेलो आहे.

आता तक्रारी, आणि त्या कमी नाहीत.

बसवल्या-बसवल्या ती तुमची फाइल राखेल अशा भ्रमात राहू नका. अवतरणचिन्हं राखायला ‘प्रिझर्व्ह कोट्स’ वेगळं चालू करावं लागतं. यादीच्या ओळी आत सरकवून लिहायची सवय असेल तर ‘इंडेंट’ला तीन आकडे द्यावे लागतात, मी २, ४, २ देतो. आणि ८० अक्षरांच्या आसपास लांब ओळ मोडते. नानांनी दिलेली लांबलचक वर्णनं दोन ओळींत तुटली, तेव्हा ‘विड्थ’ ४०९६ करून टाकली. या तीन ओळी आता माझ्या प्रत्येक प्रोग्रामच्या माथ्यावर असतात. मूळ माहितीपत्रक विस्कळीत आहे, आणि इंटरनेटवरच्या जुन्या लेखांमधली लोड-डंपची (वाचायची-लिहायची) पद्धत नव्या आवृत्तीत चालत नाही. माझी एक अख्खी दुपार त्यात गेली.

मोठी खोच टिपांचीच आहे. एखाद्या किल्लीच्या वर लिहिलेली टीप ही लायब्ररी त्या किल्लीला नाही, तिच्या आधीच्या नोंदीला चिकटवते. ४ नंबरचं चेंबर बंद झालं म्हणून मी कोडमधून ते काढून टाकलं. ४ गेलं, आणि ५ च्या डोक्यावरची ‘दाराचं रबर ढिलं आहे, रात्री एकदा बघणे’ ही टीपही त्याच्याबरोबर गेली. या वेळी बॅकअप कालचा होता, म्हणून निभावलं. तसंच आख्ख्या चेंबरच्या जागी साधी नवी डिक्शनरी (पायथनमधली नाव-किंमत जोड्यांची यादी) ठेवली तर आतल्या टिपा जातात. बदलायची ती किल्लीच बदलायची.

वेग बेताचा. ३०० ओळींची फाइल वाचायला त्या छोट्या संगणकावर जाणवेल इतका वेळ लागतो. दिवसातून दहा वेळा लिहिणाऱ्याला चालतं, सेकंदाला वाचणाऱ्यानं दुसरं बघावं.

एक गोष्ट लायब्ररीची नाही, पण आमच्याकडं वापरणाऱ्यानं वाचावी अशी. मेच्या वावधानात (वादळात) तारा पडल्या आणि नेमकी फाइल लिहिताना लाइट गेली. सकाळी फाइल शून्य बाइटची. तेव्हापासून मी त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावानं लिहितो, एफसिंक करतो (म्हणजे ते डिस्कवर खरंच उतरवतो) आणि मग ‘ओएस.रिप्लेस’नं नाव बदलतो. मग जुनी तरी असते नाहीतर नवी तरी, अर्धी कधी नसते. आणि लिहिण्याआधी फाइल ताजी वाचून घेतो, कारण तोवर नानांनी काही बदललेलं असू शकतं.

नानांनी एकदा मोबाइलच्या कीबोर्डवरून तापमान मराठी अंकांत लिहिलं, १७. यामलला तो आकडा वाटत नाही, मजकूर म्हणून येतो, आणि तुलना करताना प्रोग्राम कोसळतो. पण पायथनच्या ‘फ्लोट’मधून नेलं तर १७ चा नीट 17 होतो, देवनागरी अंक त्याला कळतात. मी फ्लोट घातला आणि नानांना काही बोललो नाही.

यामलच हवं अशी सक्ती नसेल तर टॉमल ही दुसरी सेटिंग लिहायची पद्धत आणि तिची टॉमलकिट लायब्ररी बघा, तीही टिपा राखते. पायथन ३.११ पासून सोबत येणारी टॉमललिब फक्त वाचते, लिहीत नाही. धुळ्याकडच्या जिनिंगवाल्या मित्राचं सगळं आयएनआय या जुन्या सेटिंग-पद्धतीवर आहे. तिथं पायथनचा कॉन्फिगपार्सर टिपाही खातो आणि इंग्रजी मोठ्या लिपीतल्या किल्ल्या लहान करून ठेवतो.

चेंबर आता मी काढत नाही, फक्त ‘चालू’ची किंमत बदलतो. गेल्या आठवड्यात ४ नंबरच्या वर मी लिहिलं होतं, ‘कॉम्प्रेसर आला की सुरू करणे.’ काल फाइल उघडली तर खाली नानांची ओळ होती: ‘आला नाही. मालकाले विचार.’