जुन्या फ्लॅटचं वायरिंग तपासून घेतलं: काम चोख, वेळेचं मात्र विचारू नका

आमच्या पेठेतलेच इलेक्ट्रिशियन. दहाला येतो म्हणाले आणि उगवले साडेबाराला, मध्ये फोनही उचलला नाही. एक स्टार तिथेच कापला.

बाकी माणूस जाणकार. मेन बंद करून आधी मेगर (वायरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र) लावलं, मग गिझरचा सॉकेट उघडला. बाहेरून प्लेट पांढरीशुभ्र. आत न्यूट्रलचा स्क्रू सैल, त्या टोकाला वायरचं आवरण तपकिरी झालेलं, बोट लावताच पापडासारखं मोडलं. २००० वॅटचा गिझर म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, आणि आधीच्या कारागिराने तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर दिलेला!

"मग एमसीबी का नाही पडला?" सासूबाईंचा रास्त प्रश्न. (एमसीबी म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच.)

"काकू, सैल सांध्यातून करंट जास्त जात नाही, सांधा नुसता तापत राहतो. एमसीबीला पत्ताच लागत नाही."

बोर्डात आणखी एक रत्न सापडलं: दीड स्क्वेअर एमएमच्या बारीक वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी. वायर जळली तरी तो पडला नसता. गिझरला आता आयएस ६९४ (वायरीचं भारतीय मानक) छापलेली ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट आणि २०चा एमसीबी. शिवाय घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला तर वीज तोडणारा स्विच.

दर वाजवी, सामान आपण आणलं तरी कुरकुर नाही. पक्कं बिल मात्र मागून घ्या, आणि भिंत फोडली तर प्लास्टरला गवंडी वेगळा सांगावा लागतो.