पणजोबांचं नाव शोधताना: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची शोधसेवा कितपत कामाची?

सातारा, रत्नागिरी, पुणे, नगर भागातल्या कित्येक घरांत एखाद्या पणजोबांची हकिकत ‘बसऱ्याच्या लढाईला गेले ते परत आलेच नाहीत’ इथेच संपते. त्यांचं नाव कुठे कोरलंय का, हे पाहायचं असेल तर पहिलं दार म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरची मृत सैनिकांची शोधसेवा. राष्ट्रकुल देशांच्या युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या, १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या यादीत दोन्ही महायुद्धांतले सुमारे १७ लाख मृत आहेत. शोधायला पैसे पडत नाहीत. मराठी माणसासाठी ही सेवा उपयोगाची आहे का? आहे, पण इंग्रज कारकुनाच्या कानाने शोधलंत तरच. आपल्या स्पेलिंगने शोधाल तर दहातल्या आठ वेळा हात हलवत परत याल.

आधी मर्यादा बघा. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना, किंवा सेवेतून सुटल्यावर तिथल्याच जखमेने वा आजाराने जे वारले, तेच यादीत येतात. सेवेतल्या सैनिकाला मग मरण गोळीने आलं, पटकीने की शत्रूच्या कैदेत, याने फरक पडत नाही. जिवंत परतलेल्यांची नोंद इथे नसते. एप्रिल १९४५ मध्ये इटलीत सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवणारे नामदेव जाधव लढाईतून वाचले, म्हणून ते इथे नाहीत.

दुसरे मराठा व्हिक्टोरिया क्रॉस, यशवंत घाडगे, मात्र आहेत, आणि सेवा कशी चालते हे समजायला त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. माणगाव तालुक्यातले, नाईक हुद्द्याचे घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाल्यावर ते एकटेच मशिनगनच्या मोर्चावर चालून गेले. गोळ्या संपल्या तेव्हा त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने दोघांना लोळवलं. आज आपण ‘यशवंत’ लिहिताना वाय नंतर ए टाकतो, सैन्याच्या कागदांत ई आहे. ‘घाडगे’मध्ये ड आणि ग यांच्या मध्ये आपण सवयीने आणखी एक ए टाकतो, तिथे तो नाही. एवढ्या दोन अक्षरांनी व्हिक्टोरिया क्रॉसवाला माणूस हुकतो, मग साध्या शिपायाचं काय! मृतदेह न सापडल्यामुळे त्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर आहे. नोंदीत स्मारकाचं नाव आणि पाटीचा क्रमांक मिळतो. सोबत जुन्या याद्यांची स्कॅन केलेली पानं असतील तर ती जरूर उघडा. छापील नोंद आणि हस्तलिखित यांत गावाचं नाव वेगळं निघतं ते इथेच कळतं.

तेव्हा नावाने सुरुवात करूच नका. साध्या शोधाऐवजी तपशीलवार शोध उघडा, सैन्याच्या रकान्यात भारतीय सैन्य निवडा आणि पलटणीपासून सुरुवात करा. दुसऱ्या महायुद्धासाठी ‘मराठा लाइट इन्फन्ट्री’, आणि स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एमएएच हवं (Mahratta), एमएआर नव्हे. पहिल्या महायुद्धात ही एकच रेजिमेंट नव्हती. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा सहा वेगवेगळ्या मराठा पलटणी होत्या, त्या १९२२ मध्ये एकत्र केल्या गेल्या. प्रत्येक क्रमांक स्वतंत्र शोधावा लागतो. यातल्या १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, होत्या आणि तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं आणि तिथलं सैन्य कैद झालं. घरात ‘तुर्कांच्या कैदेत गेले’ अशी आठवण असेल तर या तिन्हींपासून सुरू करा आणि मृत्यूची तारीख नेमकी न टाकता १९१६ ते १९१८ अशी सैल ठेवा. १९१७ मध्ये उभी राहिलेली १११वी महार पलटण आणि खडकीचे तिसरे सॅपर्स अँड मायनर्स (सैन्यातले इंजिनिअर) यांचे शोध वेगळे करावे लागतात, हे बरेच जण विसरतात.

पलटणीची यादी निघाली की ती उतरवून घ्या (निकाल तक्त्याच्या रूपात मिळतो) आणि मग त्यात गाव शोधा. जिल्हे जुने आहेत: रायगड म्हणजे कुलाबा, सिंधुदुर्ग रत्नागिरीत, आजच्या सांगलीतला बराच भाग साताऱ्यात. कोल्हापूर, सावंतवाडी, फलटण, भोर ही संस्थानं असल्याने कधी स्वतंत्र येतात. नावात दुसरी गोची अशी, की पहिल्या महायुद्धातल्या बऱ्याच भारतीयांचं अख्खं नाव आडनावाच्या रकान्यात कोंबलेलं असतं. पहिल्या नावाचा रकाना भरलात की शोध रिकामा. तो मोकळाच ठेवा, ‘चव्हाण’ला व्ही आणि डब्ल्यू दोन्ही लावून बघा, ‘शिंदे’तला एच काढून बघा.

आता सगळ्यात दुखऱ्या जागेकडे. मेसोपोटेमियातल्या चाळीस हजारांवर मृतांसाठी बसऱ्याचं स्मारक आहे, पण तिथल्या दगडावर भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं होती. शिपायांची पलटणवार नुसती संख्या. गोऱ्या शिपायाचं मात्र नाव. त्यामुळे नोंदीत पाटी क्रमांक दिसला म्हणजे पणजोबांचं नाव दगडात आहे, असं धरू नका. शिवाय १९९७ मध्ये हे स्मारक मूळ गोदीवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर आत नेलं. कमिशनने एप्रिल २०२१ च्या अहवालात हा भेदभाव कबूल केला: मुख्यतः आफ्रिका, मध्यपूर्व आणि भारतातल्या ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण असमान पद्धतीने झालं, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांचं स्मरण नावाने झालं नाही किंवा अजिबातच झालं नाही. सेवेचे गुण कापायचे तर इथे. नाव सापडलं नाही म्हणजे माणूस गेलाच नव्हता, असा अर्थ काढता येत नाही.

आणखी एक गैरसमज: इंडिया गेटवर सगळ्यांची नावं आहेत. नाहीत. तिथली तेरा हजारांवर नावं प्रामुख्याने वायव्य सरहद्द आणि तिसऱ्या अफगाण युद्धातल्यांची (१९१९) आहेत. बसऱ्याला गेलेल्यांसाठी दिल्लीला चक्कर मारायचं कारण नाही.

कोकणातल्या घरांनी सैन्याआधी जहाजं बघावीत. बोटीवर खलाशी म्हणून गेलेले आणि बोटीसकट बुडालेले मर्चंट नेव्हीखाली सापडतात, स्मारकाच्या रकान्यात ‘बॉम्बे’ टाकून. मुंबईच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या अशा दोन हजारांवर खलाशांचं स्मारक आहे. इथे पलटणीऐवजी बोटीचं नाव कळीचं ठरतं.

अनेक गावांत चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके लढाईला गेले, पैकी इतके कामी आले. नावं नसतात. तरी तो दुसरा आकडा टिपून घ्या. यादीत गावाची किती माणसं शोधायची, ते त्यावरून ठरतं.

चूक दुरुस्त करायला कमिशनला लिहिता येतं, पण पुरावा मागतात. घरची आठवण चालत नाही. पेन्शनचा कागद, पदकाच्या कडेला कोरलेला शिपाई क्रमांक आणि पलटण, किंवा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसचं पत्र लागतं. पदक घरात असेल तर पॉलिश करण्याआधी भिंगाने कड वाचा आणि फोटो काढा, कारण घासून घासून तो क्रमांकच आधी जातो. १९४७ नंतरच्या युद्धांतल्या शहिदांसाठी ही सेवा नाही. त्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाची यादी बघावी.