ब्रिजचा हंबकर बदलताना: जेबी, फिफ्टी-नाईन, जॅझ की सुपर डिस्टॉर्शन

इलेक्ट्रिक गिटारचा हंबकर (तारेचा कंप विजेत बदलणारा, विजेची गुणगुण म्हणजे हम खोडणारा, दोन गुंडाळ्यांचा पिकअप) बदलायचा म्हटलं की पहिलं नाव निघतं ते सेमूर डंकनच्या जेबीचं. पिकअप उत्तम आहे, यात वाद नाही. पण बासवुड लाकडाची हलकी बॉडी, बोल्टवर बसवलेली मान आणि आवाज मल्टी-इफेक्टमधून (आवाजाला रंग देणाऱ्या पेटीतून) थेट पीएला, म्हणजे मंचावरच्या लाऊडस्पीकरला, अशी गिटार असेल तर जेबी नेमका नको तिथं टोचतो. म्हणून आधी तक्रार नीट पकडा. ब्रिजवर (घोडीजवळच्या पिकअपवर) आवाज पातळ लागतोय, मानेच्या पिकअपवर कोंदतोय, की गेन (आवाज फाटेपर्यंत वाढवणारा जोर) वाढवला की शिट्टी मारतोय? तिन्हींची औषधं वेगळी आहेत, आणि चांगल्या कंपनीचे दोन पिकअप घेतले तर सुरुवातीच्या गिटारच्या किमतीएवढे पैसे जातात.

मिरज कोल्हापुरापासून पन्नासेक किलोमीटरवर. तिथल्या कारागिराकडे आवाज बसलेला तंबोरा नेला तर तो भोपळा बदलायला घेत नाही, आधी घोडीवरची जवारी बघतो. गिटारलाही तोच क्रम लावा. नव्या तारा घाला आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपची उंची मोजा. ब्रिजला जाड तारेखाली सुमारे २ मिलिमीटर, बारीक तारेखाली १.५, मानेला अनुक्रमे २.५ आणि २. मानेचा पिकअप तारांना चिकटल्यासारखा वर आला असेल तर जाड तारा कोंदतात आणि वरच्या फ्रेटवर सूर हलल्यासारखा वाटतो, कारण चुंबक तारेला खाली ओढतो. हा दोष पेचकसाने दोन मिनिटांत जातो. एवढं करूनही तक्रार राहिली तरच पुढचं वाचा.

दुकानात आणि जाहिरातीत पिकअपची ओळख ओहममध्ये करून देतात, तिथंच बहुतेकांची फसगत होते. डंकनच्याच फिफ्टी-नाईनचा ब्रिजचा पिकअप सुमारे ८.१ किलोओहम, जेबी सुमारे १६.४. म्हणून जेबी दुप्पट जोराचा होत नाही. जेबीच्या गुंडाळीत ४४ गेजची तार असते, ती फिफ्टी-नाईनमधल्या ४२ गेजपेक्षा बारीक आणि तेवढ्याच लांबीला तिचा रोध दीडपटीहून जास्त भरतो. म्हणजे १६ मधला मोठा वाटा तारेच्या बारीकपणाचा, वेढ्यांचा नव्हे. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. २० अंशाला ८ किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्याच्या दुपारी, ३८ अंशाला, साडेआठच्या वर दाखवेल. त्यामुळे दोन दुकानांतल्या दोन मोजण्यांची तुलना करून भाव पाडायला जाऊ नका. मीटर एवढंच खात्रीनं सांगतो की तार तुटलेली नाही.

आवाजाचा स्वभाव ठरतो वेढे आणि चुंबक यांवरून. वेढे वाढले की जोर वाढतो, पण वरची चमक उतरते आणि मधला भाग पुढे येतो. चुंबकांत अल्निको (अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा) २ मऊ, अल्निको ५ त्याहून घट्ट आणि उघडा, सिरॅमिक सर्वांत कडक.

आता एकेक.

फिफ्टी-नाईन, ब्रिजसाठी. अल्निको ५, जुन्या गिब्सनच्या वळणाचा. मधला भाग किंचित मागे, तारा सुट्या ऐकू येतात. ऑर्केस्ट्रात बसून निम्मी रात्र स्वच्छ आवाजात कॉर्ड आणि निम्मी हलक्या ओव्हरड्राइव्हमध्ये वाजवणाऱ्याला याहून सोयीचा पिकअप आम्हाला माहीत नाही. मात्र आधीच पातळ आवाजाच्या गिटारला तो आणखी पातळ करेल. याच नावाचा मानेचा पिकअप महोगनीच्या जाड गिटारवर खालच्या पट्टीत फुगतो, म्हणून जोडी डोळे मिटून घेऊ नका.

मानेला डंकनचाच जॅझ घ्या. सुमारे ७.७ किलोओहम, तोही अल्निको ५, पण खर्ज आटोपशीर. पाचव्या-सहाव्या तारेवरचे स्वर गेनमध्येही वेगवेगळे उमटतात. या लेखातला एकच पिकअप घ्यायचा झाला आणि तक्रार कोंदण्याची असेल, तर हाच. त्यावर बोलण्यासारखा दोष फक्त एवढा की गोड, भरीव, तेलकट सोलो हवा असणाऱ्याला तो कोरडा वाटेल.

जेबी. मधला-वरचा भाग ठासून पुढे येतो, त्यामुळे ढोल-ताशा, कीबोर्ड आणि ब्रास एकत्र वाजत असतानाही सोलो कापत वर निघतो. हीच ताकद मुळातच टोचऱ्या आवाजाच्या गिटारवर त्रास ठरते: मोकळ्या दुसऱ्या-तिसऱ्या तारेवर आवाज कानात घुसतो. उपाय महागडा नाही. व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा फिरता रोधक) ५०० किलोओहमऐवजी २५० किलोओहमचा लावला की टोक बोथट होतं. महोगनीवर तो ५०० वरच छान चालतो.

डिमार्झिओ सुपर डिस्टॉर्शन. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेला, सिरॅमिक, सुमारे १३.७ किलोओहम. खर्ज आणि मधला भाग दोन्ही जाड. बासवुड किंवा पॉपलरच्या अशक्त गिटारला यानं खरोखर अंग येतं. पातळपणाच्या तक्रारीला आमची पहिली शिफारस जेबीची नाही, याची. स्वच्छ आवाजासाठी व्हॉल्यूम सातवर आणावा लागतो. ती सवय नसेल तर हा पिकअप घेऊन रोज चिडचिड होईल.

ऑनलाइन हजार-दीड हजाराला जोडी मिळते ती सरसकट टाकाऊ नसते. तिची दुखणी ठरलेली: पितळी टोपण, जे वरची चमक खातं, मेण न भरलेली गुंडाळी, आणि कडक सिरॅमिक चुंबक. खालचे चार स्क्रू सैल करून चुंबक सरकवून काढता येतो. नेहमीचा बार साधारण ६३ बाय १२.७ बाय ३.२ मिलिमीटरचा. त्याच मापाचा अल्निको ५ घातला की कर्कशपणा बराच उतरतो. जुन्या चुंबकाची स्क्रूकडची बाजू मार्करने खुणावून ठेवा आणि नवा बार त्याच ध्रुवाने बसवा, नाहीतर दुसऱ्या पिकअपशी फेज उलटते, म्हणजे दोघांचा आवाज एकमेकांना खोडतो. काही पिकअपमध्ये बार जाड असतो, म्हणून आधी मोजा, मग मागवा.

मागवण्यापूर्वी तीन मापं घ्या. पहिलं, ब्रिजच्या पिकअपच्या जागी पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर. साधा डिमार्झिओ ४८ मिलिमीटरचा, त्याचाच रुंद प्रकार एफ-स्पेस ५१चा. डंकनचा साधा ४९चा, रुंद ट्रेमबकर ५२च्या आसपास. ट्रेमोलो (सूर हलवणारा दांडा) असलेल्या गिटारला बहुधा रुंद लागतो. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर आवाजात फरक कळत नाही, पण तार पिकअपवरच्या लोखंडी खांबाच्या पूर्ण बाहेर गेली तर दिसायलाही वाईट. दुसरं, पिकअप बसतो त्या बॉडीतल्या खोबणीची खोली. लांब पायांचा पिकअप उथळ खोबणीत टेकतो आणि मग खाली जातच नाही. तिसरं, पॉटचं भोक. स्वस्त आशियाई गिटारवर ते ७-८ मिलिमीटरचं असतं. सीटीएस कंपनीच्या मोठ्या पॉटला जवळजवळ १० लागतं. सरळ ड्रिल घातलात तर वरच्या पॉलिशचा टवका उडेल. मास्किंग टेप लावून रीमरने हळूहळू वाढवा.

स्थानिक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ४७० किलोचे पॉट सहज मिळतात, हंबकरला ते पुरतात. फक्त पाठीवरचं अक्षर वाचा: ए हवं. बी म्हणजे लिनियर, आणि तो लावला तर व्हॉल्यूम दहापासून तीनपर्यंत जेमतेम हलतो, पुढं एकदम बसतो. टोनला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

तारांचे रंग हे सर्वांत जास्त फसवणारं ठिकाण. डंकनमध्ये काळी तार आवाजाची, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेपने बंद, हिरवी आणि उघडी तार अर्थला. डिमार्झिओमध्ये लाल तार आवाजाची, काळी आणि पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी अर्थला. डिमार्झिओ डंकनच्या आकृतीनुसार जोडला तर एक गुंडाळी उलटी पडते: आवाज पातळ, पोकळ, वर हम दुप्पट. आणि मीटर ओहम अगदी बरोबर दाखवतो, म्हणून चूक सापडत नाही. एकत्र बांधलेल्या दोन तारांचा जोड अर्थला टेकला तरी एकच गुंडाळी वाजते आणि हम परत येतो. त्या जोडावर श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) घातल्याशिवाय झाकण लावू नका.

दोन कंपन्यांचे पिकअप मिसळणार असाल तर डाग (सोल्डर) देण्याआधी फेज तपासा. काटेवाला मीटर डीसीच्या सर्वांत लहान रेंजवर ठेवा, लाल टोक आवाजाच्या तारेला, काळं अर्थला. लोखंडी पेचकसाचं पातं दोन्ही रांगांच्या खांबांवर आडवं टेकवा आणि झटकन उचला. काटा किंचित उजवीकडे किंवा डावीकडे उडी मारतो. दुसऱ्या पिकअपवर तेच करा. काटा एकाच बाजूला उडाला तर सगळं ठीक. उलट उडाला तर चार तारांच्या पिकअपची आवाजाची तार आणि हिरवी आलटून लावा. उघडी तार अर्थलाच राहते. एका तारेवर विणलेली जाळी असलेला पिकअप असा उलटवू नका, कारण त्याचं टोपण जाळीला जोडलेलं असतं आणि हात लागताच गुरगुरेल.

पॉटच्या पाठीवर डाग नीट बसत नाही, ही सर्वांची अडचण. २५ वॅटच्या डागाच्या इस्त्रीने (सोल्डरिंग आयर्नने) पाठ तापायला इतका वेळ जातो की आतला कार्बनचा पट्टा भाजतो. ४० ते ६० वॅटची, रुंद टोकाची घ्या. पाठ पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, रोझिन फ्लक्स लावा, आधी नुसतं कथील पसरवा, मग तार त्यात बुडवून तीन-चार सेकंद धरा आणि थंड होईपर्यंत हलवू नका. डाग करडा, खरखरीत दिसला तर तो पकडलेला नाही. नळकामाचा आम्लाचा फ्लक्स अजिबात वापरू नका. पावसाळ्याच्या दमटपणात तो जोड आतून खातो.

हंबकर हमचा बंदोबस्त करतो तो ठरावीक हमचा. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये पेटंटसाठी दिलेली रचना साधी आहे: दोन गुंडाळ्या विद्युतदृष्ट्या उलट आणि चुंबकही उलट, त्यामुळे बाहेरून आलेला हम एकमेकांना खोडतो आणि तारेचा आवाज मिळतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेजारी लेथ चालू असताना सराव करणाऱ्याला याचा फायदा लगेच ऐकू येईल. पण तारांना हात लावल्यावर गुरगुर कमी होत असेल तर दोष शिल्डिंगचा आहे, नवा पिकअप तो घालवणार नाही. खोबणीला तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडा. हात लावूनही काहीच फरक पडत नसेल, तर तारेपासून जॅकच्या बाहेरच्या कड्यापर्यंत मीटर लावा; एक ओहमच्या आत नसेल तर ब्रिजखालची अर्थची तार सुटली आहे. मंडपात माइकला ओठ लागून झटका बसत असेल तर गिटार उघडत बसू नका. तिथली अर्थिंग चुकलेली आहे, ती दुरुस्त होईपर्यंत वाजवू नका.

शिट्टीचं दुखणं वेगळं. मोठ्या आवाजात, तारांवर नुसता हात ठेवलेला असतानाही पिकअप किंचाळत असेल तर गुंडाळी आत थरथरते आहे. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशीचं मेण, भांड्यात भांडं ठेवून ६५ अंशापर्यंत, थर्मामीटर लावून. पिकअप बुडवा, बुडबुडे थांबले की काढा. मेण थेट शेगडीवर कधीही ठेवू नका. ते पेट घेतं आणि बॉबिनही वितळतो.

सगळं बसल्यावर शेवटची उंची कानानं लावा. मल्टी-इफेक्टचे सगळे इफेक्ट बंद करून सहावी तार जोरात मारा. इनपुटचा लाल दिवा पेटला किंवा स्वच्छ आवाजात चरचर आली तर पिकअप अर्धा-अर्धा फेरा खाली न्या, दिवा विझेपर्यंत. जेबी आणि सुपर डिस्टॉर्शनला हे हमखास करावं लागतं.